मापात ओहम

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या गाडीला एक खोड लागली. रविवारी सकाळी ठाकुरद्वारहून निघावं, दादरला हिंदू कॉलनीत बहिणीकडे जेवायला जावं, वाटेत मोठ्याने गाणी लावावीत, आणि लालबागला भारतमाता सिनेमा दिसू लागला की गाणं बंद. स्टिरिओचा दिवा चालू, निळे पट्टे नाचतायत, गाण्याचं नाव सरकतंय, आवाज मात्र नाही. हिंदमाता ओलांडून जरा पुढे गेलं की पुन्हा आपोआप सुरू. तेही जिथे थांबलं होतं तिथून नव्हे, पुढच्या कुठल्या तरी कडव्यापासून. म्हणजे मधल्या वेळात तो गातच होता, फक्त मनातल्या मनात.

एकदा झालं तेव्हा दुर्लक्ष केलं. सलग तीन रविवार झालं तेव्हा घरात मतं तयार झाली. भाचा म्हणाला, "मामा, इथे टॉवर असणार." कसला टॉवर ते त्याने सांगितलं नाही, हल्ली टॉवर म्हटलं की पुरतं. गाणी पेन ड्राइव्हवर होती, पण ते त्याला सांगून उपयोग नव्हता. आमच्या हिचं माहेर लालबाग. सासरे गिरणीत होते, आणि भारतमाता हे त्यांच्या लेखी थिएटर नव्हतंच, घराची ओसरी होती. ही म्हणाली, "माझं माहेर आलं की गप्प बसावं, हे तुम्हाला तीस वर्षांत कळलं नाही. गाडीला तीन आठवड्यांत कळलं." यावर मला उत्तर सुचलं नाही. टॉवरपेक्षा हे पटण्यासारखं होतं.

खरं कारण मीच होतो. त्याची हकिगत अशी.

गणपती गेले आणि सप्टेंबर 2025 मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडायला म्हणून बंद झाला. त्याच्यावरची वाहनं टिळक पुलाकडे आणि करी रोडकडे वळली, आणि लालबाग-परळ-दादर हा पट्टा, जो एरवी चालत्या माणसाच्या वेगाने सरकायचा, तो रांगत्या मुलाच्या वेगाने सरकू लागला. गाडीत बसून राहण्याचा वेळ वाढला. अशा वेळी शहाणा माणूस लोकलने जातो. मी गाडीतला आवाज वाढवायचं ठरवलं.

त्यात आपल्याकडचे हॉर्न. 2020 साली मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी दाखवलेला तो शिक्षा देणारा सिग्नल आठवतोय का? हिंदमातालाही त्याचा प्रयोग झाला होता. हॉर्नांचा गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. कल्पना झकास होती. हॉर्न एकाने वाजवायचा आणि खोळंबा सगळ्यांनी सोसायचा, हे तर आपल्या एकत्र कुटुंबपद्धतीला धरूनच होतं. असो. त्या 85 डेसिबलवर मात करायची तर गाडीत वॅट हवेत, असं माझं गणित.

शिवाय एक जुनी हौस होती. पद्मिनी टॅक्सीत मागच्या काचेखाली दोन अंडाकृती स्पीकर असायचे. गिरगावातून परळला मामाकडे जाताना मागच्या सीटवर बसलं की ढोलकी थेट मानेत शिरायची. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेली, पण ती ढोलकी मला अजून मानेत हवी होती.

म्हणून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं आहे, पण भडकमकर मार्गावर स्पीकर कुठे मिळतात असं विचारलंत तर समोरचा तुम्हाला पाहुणे समजेल. लॉर्ड लॅमिंग्टन 1907 मध्ये मुंबईची गव्हर्नरी सोडून गेला. कपॅसिटर-डायोडच्या बाजारात मात्र त्याचाच अंमल अजून चालू आहे.

दुकानदाराने विचारलं, "कितने ओम का चाहिए?"

ओहममधला ह लॅमिंग्टन रोडवर कुणी उच्चारत नाही. दिवसभर तिथे ओम, ओम चाललेलं असतं, एखाद्या मठासारखं. मी विचारलं, कितीकितीचे आहेत? तो म्हणाला, दो, चार, आठ. मी मनाशी हिशेब मांडला. आठाचा दिवाणखान्याला असणार (हे योगायोगाने बरोबर निघालं, घरातले स्पीकर बहुतेक आठाचेच असतात). चाराचा मोठ्या गाडीला. आपली वॅगन आर.

"दो का दे दो," मी म्हणालो, "अपना गाडी छोटा है."

दुकानदार काही बोलला नाही. फक्त आतल्या पोराला हाक मारून त्याने मला दाखवलं.

आता यात माझी चूक आहे, पण ओहमचीही आहे. एरवी सगळ्या मापांत आकडा वाढला की वस्तू वाढते. चार किलो तांदूळ दोन किलोपेक्षा जास्त, चार नंबरची चप्पल दोन नंबरपेक्षा मोठी. ओहम हे अडवणुकीचं माप आहे. चाराचा स्पीकर विजेला दोनाच्या स्पीकरपेक्षा दुप्पट अडवतो, म्हणून अँप्लिफायरवर त्याचा भार निम्मा. कचेरीत जितकी अडवणूक कमी तितकी कामं जास्त आणि तितका कारकून दमतो, तसंच हे. आकडा लहान, ओझं मोठं. दोनाचे स्पीकर मी तसेच आणले असते तर गाडीतला स्टिरिओ त्याच संध्याकाळी दमला असता. त्या दुकानदाराने मला चाराची अंडाकृती जोडी दिली. त्याचे उपकार मी तेव्हा मानले नाहीत, उलट घरी जाऊन त्याच्यावर संशय घेतला.

कारण भाच्याने मल्टिमीटर लावला. आकडा आला 3.4. दुसऱ्या स्पीकरला लावला. 3.4.

मी भाजीबाजारात वाढलेला माणूस. सासऱ्यांनी सोन्याच्या बाबतीत फसवलं असतं तर मी सोडून दिलं असतं, पण मापात पाप मला खपत नाही. दुसऱ्या दिवशी जोडी पिशवीत घालून पुन्हा लॅमिंग्टन रोड. "चार बोला था, साडेतीन भी नही भरता," मी म्हणालो. गल्ल्यावर दोन गिऱ्हाइकं होती, ती ऐकायला थांबली. दुकानदाराने शांतपणे शोकेसमधला सगळ्यात महागडा स्पीकर काढला, स्वतःचा मीटर लावला आणि मला दाखवला. 3.5. मग म्हणाला, "साब, ये मीटर गाना नही सुनता."

हे वाक्य मला कळायला आठवडा लागला. मीटर आपल्या बॅटरीतली सरळ वीज सोडतो आणि नुसत्या तारेचा रोध मोजतो. गाण्याची वीज सरळ नसते. ती सेकंदाला शेकडो, हजारो वेळा पुढे-मागे होते. स्पीकरच्या आत चुंबकात अडकवलेलं तारेचं वेटोळं प्रत्येक सुराला वेगळं अडवतं. खालच्या एखाद्या सुराला, जिथे पडदा आपल्याच नादात झुलायला लागतो, तिथे अडवणूक चाराच्या कितीतरी पट वर चढते. मधल्या पट्टीत ती पुन्हा चाराजवळ येऊन बसते. मास्तरांनी शाळेत शिकवलेला रोध तो एक, आणि हा इम्पीडन्स त्याचा लहरी भाऊ. डब्यावरचे चार ओहम म्हणजे 'पाच मिनिटांत पोचतो'मधली पाच मिनिटं. साधारण अंदाज. चाराच्या स्पीकरची तार सव्वातीन ते पावणेचारच्या दरम्यान भरली की माल ठीक समजायचा.

जोडी परत घरी आली. भाच्याने रविवारी सकाळी ती मागच्या फळीवर बसवली. "मामा, मागच्या दाराच्या स्पीकरच्याच वायरीला जोडतो. लालला लाल, काळ्याला काळी. अँपबिंप कशाला?" पंचवीस मिनिटांत काम झालं. आवाज असा आला की तिसऱ्या मजल्यावरून नाना खाली डोकावले. आम्ही कृतार्थ होऊन दादरला निघालो, आणि भारतमातेजवळ गाणं बंद पडलं.

शेवटी काकांना विचारलं. आमच्या वाडीच्या गणपतीचं लाइट आणि स्पीकर काका चाळीस वर्षं सांभाळतायत. शेजारच्या केशवजी नाईक चाळीत 1893 साली सार्वजनिक गणपती बसला तेव्हा लाउडस्पीकर नव्हते, नुसते गळे होते. काकांचं मत असं की तेव्हाही कुणीतरी काकांसारखा असणारच, जो मागे उभा राहून 'हळू गा, गळा जाईल' म्हणत असेल.

काकांनी पहिला प्रश्न विचारला, जो आम्हा तिघांपैकी कुणालाही सुचला नव्हता. "परत येताना कुठे बंद पडतं?"

मी आठवलं. "नाना चौकात."

"म्हणजे जातानाही वीस-पंचवीस मिनिटांनी, येतानाही वीस-पंचवीस मिनिटांनी. भारतमातेचा काही संबंध नाही. बंद पडल्यावर कधी डेकला हात लावून बघितलास?"

त्या रविवारी बघितलं. भाताच्या कुकरसारखा तापला होता.

काकांनी मग जे सांगितलं ते मी त्यांच्याच पद्धतीने सांगतो, कारण गिरगावातल्या माणसाला वीज पाण्यावरून लवकर कळते. "तुझा डेक हा चाळीचा पंप समज. एका बिऱ्हाडाने नळ सोडला, पंप चालतोय. शेजारच्याने आपला सोडला. आता पाण्याला जायला दोन वाटा झाल्या, म्हणजे अडवणूक निम्मी. दोन नळ झाले म्हणून पंप मोठा होतो का? तो तेवढाच. फक्त दुप्पट ओढतो आणि तापतो. चार ओहमचा दाराचा स्पीकर, त्याला लालला लाल, काळ्याला काळी जोडून चाराचा दुसरा. झाले किती? आठ? नाही. दोन."

म्हणजे इतकं करून मी दोनाचाच स्पीकर घरी आणला होता.

डेकवर बारीक अक्षरांत 4 ते 8 ओहम असं छापलेलं होतं. हल्लीच्या डेकमधली चिप शहाणी असते. फार तापली की जळण्याआधी स्वतःहून आवाज बंद करते, निवली की पुन्हा चालू. भारतमाता ते हिंदमाता एवढं अंतर तिला निवायला लागायचं. जुना डेक असता तर निवला नसता, गेला असता.

"मग एकामागे एक जोडू?" भाच्याने विचारलं.

"जोड की. मग आठ होतील. एकाच नळीवर दोन तोट्या. पंप खूश, पण बादली भरत नाही."

काकांच्या स्वतःच्या मंडपातलं शास्त्र आणखी वेगळं आहे. त्यांच्या जुन्या अँपच्या पाठीवर स्क्रूंची एक रांग आहे: 4, 8, 16, मग 70 व्होल्ट, 100 व्होल्ट. जवळचा स्पीकर असेल तर ओहम बघून त्या स्क्रूला बांधायचा. पण गल्लीच्या तोंडापर्यंत भोंगे न्यायचे तर लांब वायरच निम्मा आवाज खाते. मग शंभर व्होल्टची लाइन काढायची, म्हणजे वायरीतून प्रवाह कमी जातो. दूरवर वीज नेताना दाब चढवतात त्यातलाच प्रकार. प्रत्येक भोंग्याला छोटा ट्रान्सफॉर्मर, त्यावर त्याने किती वॅट घ्यायचे ते ठरवायचं, आणि सगळ्यांच्या वॅटांची बेरीज अँपच्या वॅटांच्या आत ठेवायची. ओहम मोजायची गरजच नाही. "दुसरीतली बेरीज आहे," काका म्हणाले. "तरी चाळीस वर्षांत माझे तीन अँप जळले. भोंग्यांमुळे नाही, कार्यकर्त्यांमुळे. मी झोपलो की कुणीतरी एक भोंगा वाढवतो." रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, ती काकांना मनापासून पसंत आहे. अँप निवतो.

हे सगळं गेओर्ग ओहम नावाच्या कोलोनच्या शाळामास्तराने 1827 सालीच पुस्तक काढून सांगितलं होतं. जर्मनीत त्याची टर उडवली गेली, त्याने नोकरी सोडली. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं तेव्हा घरच्यांना तो पटला. आम्हीही मराठी शाळेत विभवांतर, विद्युतधारा आणि रोध घोकून परीक्षेत पूर्ण मार्क मिळवले होते. त्याचा उपयोग लालबागच्या सिग्नलवर होणार आहे हे मास्तरांनी सांगितलं असतं तर लक्षात राहिलं असतं.

पण खरा धक्का पुढे होता. मी काकांना डेकचा खोका दाखवला. त्यावर मोठ्या अक्षरांत 50 वॅट गुणिले 4. "दोनशे वॅटचा आहे, काका. एवढ्यात तापायला नको." काकांनी डेक उलटा केला. मागे फ्यूज होता, 10 अँपिअरचा. "गाडी चालू असताना बॅटरीवर फार तर 14.4 व्होल्ट. गुणिले दहा. आत येतायत जास्तीत जास्त 144 वॅट. आणि बाहेर दोनशे? पगार 144 आणि खर्च दोनशे, हे तुला जमतं, यंत्राला जमत नाही." चार ओहमवर असा डेक एका स्पीकरला खरे वीसेक वॅट देतो. खोक्यावरचे पन्नास हे क्षणभर, डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन. पूर्वी मनीष मार्केटमधून आणलेल्या टू-इन-वनवर हजार वॅट पीएमपीओ लिहिलेलं असायचं आणि तो सहा सेलांवर चालायचा, हे ज्यांना आठवतं त्यांना नवल वाटणार नाही. खोक्यावर आरएमएस असं लिहिलेला आकडा शोधावा. तो नेहमी लहान असतो आणि कोपऱ्यात असतो.

आता मी पुन्हा लॅमिंग्टन रोडला जाणार आणि वेगळा चार चॅनेलचा अँप घेणार हे ठरलंच होतं. दुकानदाराने ओळखलं. या वेळी त्याने पोराला हाक मारायची गरज पडली नाही, तो स्वतःच आला. "ये लो साब, दो ओम स्टेबल. दो ओम पे डबल निकलेगा." हे मात्र खरं आहे, चांगला अँप अडवणूक निम्मी झाली की जवळजवळ दुप्पट वॅट देतो. दोन चॅनेल जोडून एक केले, ज्याला ते ब्रिज म्हणतात, तर मात्र त्याच अँपला चारच्या खाली न्यायचं नसतं, कारण प्रत्येक बाजूला निम्मेच ओहम दिसतात. शिवाय बॅटरीपासून जाड केबल, तिच्यावर बॅटरीजवळच फ्यूज, आणि केबल खऱ्या तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची ते खरवडून बघणे. पैशांचा आकडा मी इथे देत नाही, हा लेख घरी वाचला जाणार आहे.

मी पाकीट काढलं होतं. पण त्या आठवड्यात मी जरा जास्तच वाचलं होतं, आणि एक आकडा डोक्यातून जात नव्हता. वॅट दुप्पट झाले की आवाज वाढतो तीन डेसिबलने. तीन. लक्ष देऊन ऐकलं तर जाणवेल, न देता ऐकलं तर नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. मी दुप्पट पैसे देऊन जे घेणार होतो ते आमच्या हिला ऐकूसुद्धा आलं नसतं. आणि उलट बाजूने, बरा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर 90 डेसिबलच्या आसपास वाजतो. एका वॅटवर! हिंदमाताच्या सिग्नलची शिक्षा 85 ला सुरू होत होती. काचा लावलेल्या वॅगन आरमध्ये मी आयुष्यभर जी गाणी ऐकली ती बहुतेक एक-दोन वॅटांत बसत होती. बाकीचे वॅट ढोलकीच्या थापेपुरते.

पाकीट खिशात ठेवलं. दुकानदार म्हणाला, "सोच के आओ." चांगला माणूस आहे.

भाच्याने पुढच्या रविवारी मागची फळी काढली, दाराच्या वायरी पूर्वीसारख्या केल्या. चार चॅनेल, चार स्पीकर, प्रत्येकी चार ओहम. दादरला निघालो. भारतमाता आली, गेली, गाणं चालूच. आमची ही खिडकीतून मागे बघत राहिली. "आता कुठे कळायला लागलं होतं गाडीला," म्हणाली, आणि हात पुढे करून तिने आवाज बारीक केला. हिंदमातापर्यंत मी काही बोललो नाही.

अंडाकृती स्पीकरची जोडी सध्या आमच्या पोटमाळ्यावर आहे. चार ओहम, दोन महिने वापरलेली, जाळीसकट, मूळ खोक्यात. कुणाला हवी असल्यास घेऊन जावी. पैसे नकोत, पण वेगळा अँप असेल त्यानेच यावं. येताना मल्टिमीटर आणू नये. 3.4च दाखवतो.